नऊ नंबर खोलीतली भिंत

३ मार्च, सोमवार

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, रोज लिहीत जा. पेशंट शुद्धीवर आला की मधल्या दिवसांचं त्याला काहीच ठाऊक नसतं, मग घरच्यांची वही वाचून दाखवता येते. मी म्हटलं, आमची ही शुद्धीवर आली तर आधी माझं अक्षर बघून हसेल.

एकोणीस वर्षं मी या हॉस्पिटलातल्या चित्रांची वही लिहितोय. कोणतं चित्र कुठल्या भिंतीवरून निघालं, कुठे गेलं, खिळा कोणता, तारीख काय. स्वतःविषयी एक ओळ कधी लिहिली नाही. लिहिण्यासारखं होतं तरी काय?

तर आता लिहितो. आज एकविसावा दिवस. तळघरात, माझ्या चित्रांच्या गोदामाला लागूनच हॉस्पिटलचं शिवणघर आहे. तिथे ही चादरी आणि पेशंटांचे गाऊन शिवते, फाटले की दुरुस्त करते. मशीनवर बसल्या बसल्या डोकं धरलं आणि कलंडली. मेंदूत रक्तस्राव. ऑपरेशन झालं. नवव्या दिवशी डोळे उघडले तेव्हा आमचं नाचायचंच काय ते बाकी होतं. मग मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की डोळे उघडणं म्हणजे जागं होणं नव्हे. तेव्हापासून डोळे उघडे असतात, पण आत कुणी आहे की नाही ते कळत नाही. मला ते डोळे बघवत नाहीत.

खोली नंबर नऊ. पलंगासमोरची भिंत कोरी. एवढी वर्षं लोकांच्या भिंती भरल्या आणि स्वतःच्या बायकोच्या भिंतीला खिळासुद्धा नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. उद्या चित्र लावणार.

४ मार्च, मंगळवार

डॉक्टरीणबाईंची परवानगी घेतली आणि २१२ नंबर लावलं. संथ नदी, काठाला दोन होड्या, मागे झाडं.

फार पूर्वी इथे डोळ्यांचे एक मोठे सर्जन होते. आयुष्यभर चित्रं जमवली आणि जाताना तीनशे चाळीस चित्रं हॉस्पिटलला देऊन गेले. अट एकच, चित्रं कुलपात पडून राहता कामा नयेत, आजारी माणसाच्या डोळ्यांसमोर असली पाहिजेत. त्यांचा राखणदार, हमाल आणि दाई, तिन्ही मीच. दर आठवड्याला जंतुनाशकानं पुसायची. कुठे काय लावायचं यालाही शास्त्र आहे. डायलिसिसच्या वॉर्डात मी एकदा हौसेनं धबधबा लावला. तिथल्या पेशंटांना दिवसाला पाणी मोजून. दोन तासांत अख्खा वॉर्ड तहानेनं कासावीस, एका म्हाताऱ्यानं तर मला माझ्या बापापासून सुरुवात करून शिव्या घातल्या. कॅन्सरच्या वॉर्डात रिकाम्या खुर्चीचं चित्र लावायचं नाही. मनोरुग्णांकडे नुसते रंगांचे फराटे नकोत, त्यांना त्यात तोंडं दिसतात. हे सगळं ठेचा खाऊन शिकलो.

हिला मात्र या सगळ्याचं कौतुक शून्य. "पेशंटला चित्र कशाला हवंय?" म्हणायची. "त्याला पाठीमागून नीट बंद होणारा गाऊन हवाय. तो मी शिवते. तुम्ही बसा होड्यांना अंघोळ घालत."

झोपलेल्या माणसासाठी चित्र नेहमीपेक्षा खाली लावावं लागतं. खिळा ठोकला, चित्र अडकवलं, वर पाणसळ ठेवली आणि बुडबुडा मध्यावर येईपर्यंत कधी डावीकडे, कधी उजवीकडे जाऊन बघत होतो. मागे मेहुणी बसली होती. मेहुणी म्हणजे हिची धाकटी बहीण, बसमध्ये कंडक्टर. आवाज असा की दारात लोंबकळणारा माणूस न सांगता आत सरकतो. ती एकदम ओरडली, "भाऊजी! ताईचे डोळे हलले!"

मी वळलो. खरंच डोळे चित्राच्या बाजूला होते.

"आधी या टोकाला होते. तुम्ही तिकडे गेलात तसे तिकडे गेले."

चित्राकडे बघितलं हिनं! सत्तावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. मी जिन्यात जाऊन रडलो.

६ मार्च, गुरुवार

२१२ कडे पुन्हा बघत नाही. दोन दिवस उशाशी खुर्ची टाकून, तिला जे दिसतं तेच मला दिसावं म्हणून तिच्या डोक्यामागून मीही चित्राकडे बघत बसलो. काही नाही. मध्येच वाकून तिच्या डोळ्यांत बघायचो, तर ते छताला.

आज डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं. चौथ्या मजल्यावर पुनर्वसनाचा विभाग आहे, पलंग फक्त सहा. तिथे रोज व्यायाम, बसायला, गिळायला, बोलायला शिकवतात. एक पलंग रिकामा होतोय. ज्याच्यात थोडंतरी जागेपण दिसतं त्यालाच तो मिळणार. नाहीतर रस्त्यापलीकडची जुनी इमारत. तिथे नळीनं अन्न आणि दर दोन तासांनी कूस बदलणं.

"आणि तिथून मग चौथ्या मजल्यावर?" मी विचारलं.

"माझ्या पाहण्यात तरी कुणी आलेलं नाही," बाई म्हणाल्या. "अठरा तारखेला बैठक आहे. नजर हलत्या वस्तूच्या मागे जाते का, ही पहिली खूण. ती मला दिसली पाहिजे. सकाळच्या फेरीत मी रोज बॅटरी फिरवते. अजून नाही."

बाई चांगल्या आहेत. खोटा धीर देत नाहीत. तेवढा दिला असता तरी चाललं असतं.

७ मार्च, शुक्रवार

२१२ उतरवून ४० लावलं. गवताचं माळरान. पाणसळ बघत होतो तेव्हा डोळे पुन्हा हलले! या खेपेला मी मेहुणीला आधीच लक्ष ठेवायला सांगितलं होतं. तिनं शपथेवर सांगितलं, डावीकडून उजवीकडे, आणि परत. वहीत ४० पुढे तारा काढला. २१२ ला मागच्या तारखेनं काढला.

दुपारी पुन्हा पाहिलं, काही नाही. म्हणजे चित्र नवं असतं तोवरच. जुनं झालं की कंटाळते. तशी ती आधीपासूनच एका जागी न टिकणारी.

९ मार्च, रविवार

१३३ लावलं. पायऱ्यांची विहीर, कोनाड्यात पारवे. लावताना नजर फिरली. उतरवताना फिरली. तिसरा तारा.

मी म्हटलं, "बघ, तिन्ही चित्रं मोकळ्या जागेची. माणूस एकातही नाही. तिला माणसांचा त्रास होतोय, मोकळं हवंय."

मेहुणी म्हणाली, "ताईला? तिला तर बसमध्ये शेजारी कुणी बसलं नाही तर करमत नाही." मग म्हणाली, "भाऊजी, तुम्ही जरा भिंतीकडे पाठ करून बसा ना. हिच्याशी बोला."

"बोलतो की."

"भिंतीकडे तोंड करून बोलता."

मेहुणीला चित्रातलं काही कळत नाही. बहिणीसारखीच.

१० मार्च, सोमवार

तीन तारे घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी वही नीट वाचली, हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही पाहिलंत ते मला कागदावर घेता येणार नाही. घरच्यांना दिसतं. सगळ्यांनाच दिसतं. सिस्टरांना दिसलं, रोज दिसलं, तर मी बैठकीत मांडेन."

त्यांचं बरोबर आहे. मला विचारा. नऊ वर्षांपूर्वी मी शंभर पेशंटांना विचारून फिरलो होतो, समोरच्या चित्रानं बरं वाटतं का. शहाण्णवांनी हो म्हटलं. मी छाती फुगवून बैठकीत आकडा वाचला आणि व्यवस्थापक म्हणाले, "अहो, चित्रवाला स्वतः पलंगाशी उभा राहून विचारतोय, नाही कोण म्हणणार? तुम्ही उभे नसताना किती हो म्हणाले?" सगळे हसले. तो घाव अजून ओला आहे.

या वेळी ती चूक नाही. मी आज दुपारभर बसून तक्ता आखला. सात दिवस, सकाळी दहा आणि दुपारी चार. चित्र, वेळ, नजर चित्रामागे गेली: हो किंवा नाही. सुतारानं पलंगाभोवतीच्या पडद्याच्या रुळाला आकडे बसवून दिले. त्यावर हलक्या चौकटीतलं चित्र टांगायचं आणि सिस्टरांनी उशामागे उभं राहून दोरी ओढायची. चित्र डावीकडून उजवीकडे जाईल. सिस्टर हिला दिसणार नाहीत, फक्त बाजूच्या छोट्या आरशातून सिस्टरांना हिचे डोळे दिसतील. चित्र सुतार टांगेल, तेही ही झोपली असताना. परीक्षेत माणूस नको. नुसतं चित्र.

आणि आम्ही दोघं सात दिवस खोलीत जायचं नाही. मी नाही, मेहुणी नाही. म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की नवऱ्यानं खुणा केल्या.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "एवढं कडक कशाला? वेळ सोडून तरी येत जा."

मी म्हटलं, "नाही. शिंतोडासुद्धा नको."

मेहुणी भांडली. "कठपुतळीचा खेळ मांडलाय तुम्ही! माणसाला माणसापासून तोडून कुणी बरं झालंय का?" मी समजावलं, चौथा मजला हवा असेल तर एवढं करावंच लागेल. शेवटी तिला हिची शपथ घातली तेव्हा कबूल झाली. पालथ्या घड्यावर पाणी, म्हणाली. मला घडा म्हणाली.

११ मार्च, मंगळवार

दहा वाजता: ४० नंबर. नाही.
चार वाजता: ४० नंबर. नाही.

पहिलाच दिवस. दोरी जरा जोरात ओढली गेली असेल. मी गोदामात बसून सगळ्या हलक्या चित्रांच्या चौकटी पुसल्या. शेजारी शिवणघरात हिच्या मशीनवर दुसरी बाई बसली आहे. तिचा पाय वेगळा चालतो, थांबून थांबून. ऐकवत नाही.

१२ मार्च, बुधवार

दोन्ही वेळा नाही. १३३ होतं, ताऱ्याचं.

सिस्टरांनी शेऱ्यात लिहिलंय, "पेशंट जागी. डोळे उघडे. चित्राकडे नाही." अक्षर सुरेख आहे त्यांचं. चित्राकडे नाही तर काय उपयोग?

१३ मार्च, गुरुवार

आज १ नंबर काढलं. हे मी आजवर एकाही वॉर्डात लावलं नव्हतं, सर्जनांची अट मोडून. सकाळचं ऊन पडलेला पांढरा पडदा, वाऱ्यानं किंचित आत आलेला, बाकी काही नाही. ते बघून मला स्वतःला दरवेळी बरं वाटतं, म्हणून कुणाला दिलं नाही. माझा एवढाच चोरटेपणा. चौकट जड, म्हणून सुतारानं ती काढून नुसतं चित्र पुठ्ठ्यावर बसवलं.

दहा वाजता: नाही.
चार वाजता: नाही.

पडदा शिवलेला तर हिला आवडायला हवा होता! मी सुतारावर ओरडलो, की तिरका टांगला. तो म्हणाला, "साहेब, मी तुमचीच पाणसळ लावली होती." नंतर त्याची माफी मागितली. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

१४ मार्च, शुक्रवार

नाही. नाही.

तीनशे चाळीस चित्रं आहेत आणि माझ्या बायकोला त्यातलं एकही पुरत नाही. एकोणीस वर्षं मी लोकांना काय सांगत फिरलो? चित्रानं ताप उतरतो, झोप लागते, वेदनेची गोळी एक कमी लागते. पाहुण्यांना वॉर्ड दाखवताना पोपटासारखं बोलायचो. आज कुणी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, सगळं सरपणाला घाला.

१५ मार्च, शनिवार

सकाळपासून हिला ताप. छातीत कफ. मी नऊ नंबरच्या बाहेर भिंतीला टेकून उभा राहिलो. आत कफ ओढायच्या नळीचा आवाज येत होता. दोनदा मुठीत कडी धरली आणि सोडली. अजून दोन दिवस. आता आत गेलो तर पाच दिवसांचं सगळं पाण्यात, आणि व्यवस्थापक म्हणणार, पुन्हा तेच.

मेहुणी तिची फेरी संपवून तशीच गणवेशात आली. म्हणाली, "शपथ मोडू का?" मी नाही म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "भाऊजी, ताई जगली तर हे मी तिला सांगणार." आणि गेली.

दहाची परीक्षा झाली नाही. चारची झाली. नाही.

१६ मार्च, रविवार

ताप उतरला. नाही, नाही.

आज मी केलं ते लिहून ठेवतो, म्हणजे नंतर मला चांगला माणूस असल्यासारखं वागता येणार नाही. मोठ्या सिस्टर चहाला खाली आल्या होत्या. त्यांना गोदामात बोलावलं आणि म्हटलं, "सिस्टर, उद्याच्या दोन रकान्यांत हो लिहा. फक्त दोन. तेरात दोन. कुणाचं काय जाणार आहे?"

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तो पलंग दुसऱ्या कुणाचा तरी आहे. त्याच्याही घरचे माझ्यापुढे असेच उभे आहेत."

मी त्यांच्या पाया पडलो. खरोखर वाकलो. त्या मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "उठा, दादा. तुम्ही वर या. त्यांच्याजवळ येऊन बसा. मी तक्ता फाडून टाकते हवं तर."

उद्या शेवटचा दिवस आणि त्या तक्ता फाडायचं म्हणतात. त्यांना या कामाची शिस्त कळलेली नाही. मी उठलो आणि गुडघे झटकले.

१७ मार्च, सोमवार

नाही.
नाही.

१८ मार्च, मंगळवार

बैठक वीस मिनिटांत आटोपली. डॉक्टरीणबाईंनी माझाच तक्ता वाचला. तेरा परीक्षा, एकदाही हो नाही. व्यवस्थापक या वेळी हसले नाहीत. उलट म्हणाले, "इतकी काटेकोर नोंद आम्ही इथे क्वचित पाहिली." शाबासकी मिळाली मला!

उद्या दुपारी हिला रस्त्यापलीकडे हलवायचं.

मेहुणीला फोन केला. ती बसमध्ये होती. मागून घंटी ऐकू येत होती. एवढंच म्हणाली, "मी उद्या येते. आता तरी आत जायचं ना?"

१९ मार्च, बुधवार

हे आजच लिहायचं.

साडेअकराला नऊ नंबरमध्ये गेलो, आठ दिवसांनी. चित्र मीच उतरवायचं, नियम आहे, खोली रिकामी करताना भिंत मोकळी करून द्यायची. पडद्याचा रूळ काढून टाकला होता. १ नंबर खिळ्यावर टांगलेलं. गाल बसलेत हिचे. मी तिच्याकडे नीट बघितलंही नाही, लाज वाटत होती. सरळ भिंतीशी गेलो, चित्र उतरवलं आणि कापड गुंडाळायला खिडकीकडे चाललो. मेहुणी पिशवीत हिचे कपडे भरत होती.

"थांबा," मेहुणी म्हणाली. एरवी बस थांबवते त्या आवाजात नाही, अगदी हळू. "भाऊजी, परत भिंतीशी जा."

गेलो.

"आता खिडकीशी."

गेलो. वळून पाहिलं. हिचे डोळे माझ्या बाजूला होते. मी चित्र उंच धरलं. म्हटलं, "बघितलंस? बघितलंस? हेच चित्र! मी म्हणत नव्हतो, १ नंबर..."

"ते खाली ठेवा."

"अगं पण तिची नजर..."

"ठेवा म्हणते ना खाली!"

ठेवलं. भिंतीला टेकवून, पाठ बाहेर करून.

"आता दाराकडे चाला."

मी चाललो. सहा पावलं असतील. हात मोकळे, समोर काही नाही, मागे कोरी भिंत. दाराशी पोचून वळलो. ती माझ्याकडे बघत होती. चित्राकडे नाही. तिथे चित्रच नव्हतं. मी परत खिडकीकडे आलो, आणि तिची नजर माझ्याबरोबर आली. जड, सावकाश, मध्ये एकदा अडकून पुन्हा सुटून, पण आली.

मेहुणी रडत रडत म्हणाली, "अहो, तुम्हालाच बघतेय ती. पहिल्यापासून तुम्हालाच बघतेय."

 आणि ओरडत बाहेर धावली.

डॉक्टरीणबाई आल्या. मला तीनदा चालायला लावलं. दोनदा नजर आली. तिसऱ्यांदा दमून डोळे मिटले. बाई पलंगाच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ही खूण खरी आहे. मी आत्ता लिहिते."

"मग चौथा मजला?"

"तो पलंग सकाळी नऊला भरला." त्यांनी घड्याळाकडे नाही, माझ्याकडे बघून सांगितलं. "पुढची बैठक दीड महिन्यानं. तोवर छाती सांभाळली पाहिजे. तिकडे व्यायामाला माणूस नाही, ते मी खोटं सांगणार नाही. काल दुपारी हे दिसलं असतं तर मी भांडले असते."

काल दुपारी मी गोदामात होतो. आणि परवा. आणि त्याआधीचे सगळे दिवस.

अडीचला हिला नेलं. मी स्ट्रेचरच्या पायथ्याशी उलटा चालत गेलो, तिला दिसेन असा. रस्ता ओलांडेपर्यंत तिनं डोळे उघडले नाहीत.

२२ मार्च, शनिवार

जुन्या इमारतीत भेटायची वेळ चार ते सहा. एका खोलीत आठ जणी. भिंतींना वरपासून खालपर्यंत हिरवा रंग. तिथल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही चित्रवाले ना? आमच्याकडे काही लावा की." मी म्हटलं, नंतर बघू.

हिला पुन्हा ताप आहे. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा राहतो, डावीकडे जातो, उजवीकडे जातो. बोलतो. काय बोलायचं सुचत नाही, मग दिवसभरात जे झालं ते सांगतो. म्हटलं, तुझ्या मशीनवरच्या बाईचा टाका सैल पडतो, तू ये आणि तिला दटाव. आज दोन तासांत डोळे एकदा उघडले, पण मी नेमका शेजारच्या म्हातारीला पाणी देत होतो. वळेपर्यंत मिटले. मी तिचा हात धरून म्हटलं, "अगं, इथेच आहे मी." दहा वेळा म्हटलं. पलीकडच्या पलंगावरच्या बाईची मुलगी तोंड फिरवून बसली.

साडेपाचला मोठ्या सिस्टर ड्यूटी संपवून आल्या. नऊ नंबरमध्ये हिचा कंगवा राहिला होता, तो द्यायला. हिचे केस विंचरले, कपाळावरून हात फिरवला. निघताना सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "त्या आठवड्यात किती वाट बघायच्या हो! मी दोरी ओढायचे, चित्र तिकडून इकडे जायचं, आणि आरशात बघावं तर यांचे डोळे आपले दाराकडे. दहा वाजता दाराकडे, चार वाजता दाराकडे. बाहेर कुणाची पावलं वाजली की पापण्या हलायच्या."

मी म्हटलं, "सिस्टर, मग तुम्ही लिहिलं का नाही?"

त्या गोंधळल्या. म्हणाल्या, "कुठे लिहिणार, दादा? नजर चित्रामागे गेली का, एवढंच होतं. दाराचा रकानाच नव्हता."

नव्हता. तक्ता मी आखला होता.